बाबांच्या रेकॉर्ड्स ऐकण्यासाठी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल : कोणता घ्यावा, कसा लावावा?

ओसरी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत बाबांच्या रेकॉर्ड्स निघाल्या. ६४ एलपी, चाळीसेक छोट्या ४५च्या ईपी (बहुतेक नाट्यसंगीत आणि भावगीतं) आणि ९ लाखेच्या, ७८च्या. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. रविवारी सकाळी ते रेकॉर्ड लावून शेजारी बाजाची पेटी घेऊन बसायचे, ते डोळ्यांसमोर आहे.

त्यांचा जुना प्लेअर अजून फिरतो, पण कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) तुटलंय आणि दांडी इतकी जड आहे की त्यावर या रेकॉर्ड्स लावायचा धीर होत नाही. नवीन घ्यायचा आहे. बजेट ४०-५० हजार, फक्त टर्नटेबलचं. घरात जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे, त्याला मागे 'फोनो' लिहिलेली जागा आहे. स्पीकर ठीक आहेत.

वाचून वाचून गोंधळ वाढलाय. कुणी म्हणतं घरी ऐकायला बेल्ट ड्राइव्हच, डायरेक्ट ड्राइव्ह डीजे लोकांचं. कुणी बरोबर उलटं सांगतं. मला शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकायचंय, स्क्रॅचिंग करायचं नाही. मग काय घेऊ?

अजून एक. जवळपास चौदा एलपींच्या कव्हरवर बाबांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, 'काळी १ आणि पांढरी २ च्या मध्ये', 'काळी ४ च्या वर, मध्ये'. हे काय असावं?

---

व्हॉल्व्हसेट

ओसरी, पेटी उघडलीत हे फार छान केलंत. मी ठाण्यात अडतीस वर्षं रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे डीजेचं' हा समज. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते, भरभर फिरते आणि रबरी पट्ट्याने थाळी ओढते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे काहीच नाही. थाळीच्या बुडाला चुंबकाचं कडं, खाली स्थिर कॉइल्स, म्हणजे थाळी स्वतःच मोटरचा फिरता भाग. ती मिनिटाला ३३ १/३ फेरेच फिरते आणि बऱ्याच यंत्रांत क्वार्ट्झ स्फटिकाचं सर्किट तिच्या वेगावर सतत नजर ठेवून असतं. मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांच्या चमूने ही रचना केली. त्यांचा टेक्निक्स एसपी-१० हा पहिला डायरेक्ट ड्राइव्ह १९७० मध्ये बाजारात आला, तो डीजेंसाठी नव्हता. एसएल-१२०० आला १९७२ मध्ये, तोही घरी ऐकणाऱ्यांसाठीच. डीजे लोकांनी तो नंतर आपलासा केला, कारण बटण दाबलं की थाळी क्षणात वेग पकडते. १९७९च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये हे ०.७ सेकंदांत होतं.

आता आपल्या कामाचं. तुम्ही तानपुरा ऐकणार आहात. ढोलकी-तबल्याच्या रेकॉर्डमध्ये वेग किंचित हलला तर कानाला पटकन कळत नाही. पण तानपुऱ्याचा सलग षड्ज, पेटीचा लांब धरलेला सूर, शहनाई यांत वेग जरासा डुलला की सूर लगेच पाण्यावर हलल्यासारखा होतो. आपल्या संगीताला वेगाची स्थिरता सगळ्यात आधी लागते, आणि डायरेक्ट ड्राइव्ह तिथे पक्का आहे. एमके२ची वाव-फ्लटर, म्हणजे वेगाचं डुलणं, ०.०२५ टक्के दिलेली आहे. पिढीजात बेल्टवाल्यांना न दुखवता सांगतो, तुमच्या रेकॉर्ड्स पाहता मी डायरेक्ट ड्राइव्हच घेतला असता.

---

परसदार

काका, दुखवलं नाहीत, पण बेल्टची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

माझा बेल्ट ड्राइव्ह नऊ वर्षं झाली पुण्यात चालू आहे. मोटरची थरथर रबरात विरते, त्यामुळे शांत जागी, आलापाच्या मधल्या पोकळीत, काळोखासारखी शांतता मिळते. स्वस्तातल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट थाळीखाली असल्याने बारीक गुरगुर येऊ शकते. शिवाय चुंबकीय ध्रुवांमुळे वेगात सूक्ष्म धक्के येतात असा आक्षेप जुनाच आहे. टेक्निक्सने २०१६ मध्ये एसएल-१२०० परत आणला तो लोखंडी गाभा नसलेल्या मोटरसकट, तो याचसाठी.

नऊ वर्षांत मी पट्टा दोनदा बदलला हेही सांगतो. उन्हाळ्यात रबर सैल पडतं आणि वेग हळूहळू उतरतो. इतका हळू की महिनोन्महिने लक्षातच येत नाही.

---

व्हॉल्व्हसेट

परसदार, अगदी बरोबर. उंची बेल्ट ड्राइव्ह उत्तम असतात, आणि गुरगुरीचा मुद्दा स्वस्त यंत्रांना लागू पडतो.

पण ओसरींकडे चाळीस ईपी आहेत. एलपी ३३, ईपी ४५. बऱ्याच बेल्ट ड्राइव्हमध्ये ३३ वरून ४५ वर जायचं तर थाळी उचलून पट्टा पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. नाट्यसंगीताच्या ईपी एकामागून एक ऐकताना हे दर वेळी करून बघा. डायरेक्ट ड्राइव्हला एक बटण पुरतं. आणि ९ रेकॉर्ड्स ७८च्या आहेत, तो वेग फारच थोड्या बेल्टवाल्यांत मिळतो.

---

काळी_चार

ओसरी, तुमच्या बाबांच्या नोंदी वाचून राहवलं नाही. मी डोंबिवलीला गाणं शिकवते.

पेटीवर काळी एक म्हणजे पाश्चात्त्य सी शार्प, पुढची पांढरी दोन म्हणजे डी. पुरुष गायकांची ही नेहमीची पट्टी. काळी चार-पाच बायकांची. बाबा पेटी घेऊन बसायचे म्हणालात ना? मग ते रेकॉर्डचा षड्ज पेटीवर शोधत होते आणि तो सापडत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत होता. पेटीला 'मध्ये' वाजवता येत नाही, म्हणून त्यांना साथ करता येईना आणि त्यांनी ते कव्हरवर लिहून ठेवलं.

पण मला एक खटकतं. चौदाच्या चौदा रेकॉर्ड्स 'मध्ये' कशा? वेगवेगळे कलाकार, वेगवेगळी वर्षं. त्यांच्याही साथीला पेटी होतीच की, मग ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कसे गातील? मला वाटतं रेकॉर्ड्स बरोबर होत्या. प्लेअर जलद फिरत होता.

---

व्हॉल्व्हसेट

काळी_चार ताई, काय पकडलंत! हिशेब जुळतो. अर्ध्या स्वराचा, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधला, फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. 'मध्ये' म्हणजे ३ टक्के.

ओसरी, जुना प्लेअर फिरतो म्हणालात. त्याची परीक्षा घरच्या घरी होते, काहीही विकत न आणता. ३३ १/३ वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. थाळीच्या कडेला कागदाचा बारीक तुकडा चिकटवा, तुम्हाला हरकत नसेल अशी एखादी रेकॉर्ड वर ठेवा, दांडी खाली न आणता थाळी फिरू द्या. मोबाइलचं घड्याळ लावा आणि तीन मिनिटं फेरे मोजा.

---

ओसरी

आत्ताच मोजून आलो. आई घड्याळ धरून बसली होती, मी मोजत होतो. तीन वेळा मोजलं. १०३, १०३ आणि एकदा जवळजवळ १०३ १/२.

म्हणजे बाबा वीस-पंचवीस वर्षं सगळी गाणी जरा वरच्या पट्टीत ऐकत होते.

आता मला डायरेक्ट ड्राइव्हच घ्यायचा आहे. कोणता ते सांगा.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय, कारण वेगाचा हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. कुणी इथून किंवा जपानहून जुना टर्नटेबल मागवायचा विचार करत असेल तर आधी हे वाचा.

काही वर्षांपूर्वी मी इथला एक जुना बेल्ट ड्राइव्ह पुण्याला भावासाठी नेला. इथे १२० व्होल्ट, तिकडे २३०, म्हणून चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. प्लेअर चालू झाला, पण गाणं विलंबितातल्या विलंबितात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्या प्लेअरची मोटर विजेच्या लाटांवर चालणारी, इथे ६० हर्ट्झ आणि भारतात ५०. म्हणजे वेग थेट एक-षष्ठांश कमी. ताईंच्या भाषेत, गाणं तीन पट्ट्या खाली गेलं.

क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला फ्रिक्वेन्सीचा फरक पडत नाही, कारण वेग स्फटिक ठरवतो. जपानमध्येच अर्ध्या देशात ५० हर्ट्झ आणि अर्ध्यात ६० आहे. पण व्होल्टेज मात्र सांभाळायचं. जपानी यंत्र १०० व्होल्टचं. ते सरळ आपल्या भिंतीत खुपसलं तर आतला ट्रान्सफॉर्मर तिथेच जळतो. मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पिन लावू नका.

---

व्हॉल्व्हसेट

आता निवड.

जुना एसएल-१२०० एमके२ मिळाला तर यंत्र म्हणून तो आजही तोलामोलाचा. २०१० पर्यंत अशा प्रती निघत होत्या. पण आपल्याकडे फिरणाऱ्या बऱ्याच डिस्कोत घासलेल्या असतात. आर्मच्या (सुईच्या दांडीच्या) बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का, हे हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, फोटोवरून सौदा नको. आणि एमके२ मध्ये ७८ नाही.

नवे टेक्निक्स तुमच्या बजेटच्या कितीतरी वर जातात. घरी ऐकणाऱ्यांसाठी केलेला एसएल-१५००सी फार सुरेख आहे. आत फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट), सोबत ऑर्टोफोनचं २एम रेड कार्ट्रिज, रेकॉर्ड संपली की आर्म आपोआप उचलला जातो. पण त्याला वेग कमी-जास्त करायचा स्लायडर नाही. तुमच्या घरात पेटी आहे आणि बाबांच्या नोंदी आहेत, तेव्हा तुम्हाला स्लायडर लागेल. तो एसएल-१२०० एमके७ मध्ये मिळतो, ७८ सुद्धा मिळतो, पण खर्च परत तिथेच.

म्हणून माझं मत ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्स. डायरेक्ट ड्राइव्ह, ३३-४५-७८ तिन्ही वेग, ८ किंवा १६ टक्क्यांपर्यंत वर-खाली जाणारा स्लायडर, हवं तेव्हा क्वार्ट्झ लॉक, म्हणजे वेग स्फटिकाच्या हवाली. आतला फोनो प्रीअँप बंद करता येतो. सोबत एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज. कागदावर त्याची वाव-फ्लटर टेक्निक्सइतकी कमी नाही, ०.२ टक्क्याच्या आत सांगतात, पण तुमच्या जुन्या प्लेअरच्या ३ टक्क्यांसमोर हा फरक कुठल्या कुठे.

व्हीएम९५ची खुबी अशी की अंग तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. लंबगोल सुई, म्हणजे ई, कंपनी ३०० तासांची सांगते. मायक्रोलिनिअर, म्हणजे एमएल, १००० तासांची, आणि ती रेकॉर्डच्या आतल्या वळणांवर कितीतरी स्वच्छ वाजते. आधी ई वर शिका, मग एमएल घ्या.

---

नवखा_श्रोता

काका, ईपी आणि एलपी एकाच सुईने, पण ७८ला वेगळी सुई का? वेग तर यंत्रात आहेच ना?

---

व्हॉल्व्हसेट

वेग आहे, पण खाच वेगळी आहे. लाखेच्या रेकॉर्डची खाच फार रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन पडते, तिथे जुन्या पोलादी पिनांनी साठवलेला कचरा खरवडते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यासाठी जाड टोकाची गोल सुई लागते. व्हीएम९५ मध्ये ती एसपी नावाने मिळते, सुईवर वजन साधारण ५ ग्रॅम लागतं. एलपीला २ ग्रॅम. म्हणजे सुई बदलली की वजनही बदलायचं, विसरलात तर एलपी खराब होईल.

आणि सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. रेकॉर्ड धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकतात ते फक्त विनाइलला. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लागलं की लाख विरघळते. ७८ला डिस्टिल्ड पाणी, मऊ कापड, आणि लगेच कोरडं करायचं. कागदी लेबल ओलं होऊ द्यायचं नाही.

---

ओसरी

आला! पण तीन अडचणी आहेत, एकेक सांगतो.

१. आवाज फाटतोय. जोरात आणि घोगरा.
२. गाण्याच्या मागे सतत 'हंऽऽ' असा आवाज.
३. मी खोलीत चाललो की सुई उडी मारते. टर्नटेबल माडीवर आहे, माडीची जमीन लाकडी फळ्यांची, आणि तो सागवानी टेबलावर ठेवलाय. स्पीकरही त्याच टेबलावर, दोन्ही बाजूंना.

---

व्हॉल्व्हसेट

पहिलं सोपं. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून आणि तार सप्तकाकडचा भाग चढवून कोरतात, नाहीतर खर्जाच्या लाटा खाचेत मावणार नाहीत. वाजवताना फोनो प्रीअँप ते उलटं करून मूळ जागी आणतो. तुमच्याकडे हे काम दोनदा होतंय, एकदा टर्नटेबलमध्ये, एकदा अँप्लिफायरच्या फोनोमध्ये. टर्नटेबलच्या मागचा स्विच 'लाइन' वरून 'फोनो' वर करा.

दुसरं, अर्थिंग. मागे एक स्क्रू असेल, तिथून सुटी वायर अँप्लिफायरच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बांधा. अँप्लिफायर तीन पिनांच्या, अर्थ असलेल्या सॉकेटमध्येच हवा. जुन्या घरात अर्थ खरोखर आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. हे आवाजापेक्षा तुमच्या जिवासाठी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकर आजच त्या टेबलावरून काढा. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईत जातो, तिथून परत स्पीकरमध्ये, असं चक्र फिरतं. आणि लाकडी माडीवर पायावर उभं असलेलं काहीच शांत राहणार नाही. भिंतीला मजबूत ब्रॅकेट मारा, बाहेरची दगडी भिंत असेल तर सोन्याहून पिवळं. ब्रॅकेटवर कडप्प्याची लादी, तिच्याखाली चार रबरी पॅड. कडप्पा जड असतो, सहजी झणझणत नाही, आणि कुठल्याही फरशीवाल्याकडे मापात कापून मिळतो. मग गवंड्याची पाणसळ घ्या. ती थाळीवर ठेवा, कडप्प्यावर नाही. टर्नटेबलचे चारही पाय फिरवून बुडबुडा मधे आणा. थाळी तिरकी असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

---

परसदार

कडप्प्याला माझंही अनुमोदन. माझा बेल्टवालासुद्धा त्यावरच आहे.

---

व्हॉल्व्हसेट

जागा पक्की झाली की आर्म. घाई नको, दुपार मोकळी ठेवा, आणि सुईवरचं झाकण लावूनच सुरुवात करा.

अँटी-स्केटची (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली) चकती शून्यावर. क्यू लिव्हर (आर्म उचलायची कळ) खाली. झाकण काढा आणि आर्म थाळीच्या जरा बाहेर बोटाने धरून ठेवा, सुई कशालाही लागता कामा नये. मागचं वजन हळूहळू फिरवा. सुरुवातीला पुढचं टोक खाली जाईल, मग मागचं. थोडं इकडे, थोडं तिकडे करता करता एक जागा अशी येते की बोट काढलं तरी आर्म हवेत आडवा तरंगत राहतो. सोनाराचा तराजू कसा स्थिरावतो, अगदी तसा. अडतीस वर्षांत हे शेकड्यांनी केलं, तरी तो क्षण मला दर वेळी आवडतो.

आर्म विसाव्याला लावून अडकवा. आता वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती दोन्ही मिळून फिरवून २ वर. व्हीएम९५ईला १.८ ते २.२ चालतं, मधला २ बरोबर. अँटी-स्केटही २. पुढे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळाला तर खात्री करून घ्या.

वजन फार कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचेल असं लोकांना वाटतं. उलट होतं. हलकी सुई खाचेत थरथरते, भिंतींवर आपटते आणि जास्त नुकसान करते.

---

काळी_चार

काका, आणखी एक शंका. एलपीच्या शेवटच्या गाण्यात, लेबलच्या जवळ, सूर चिरकतात. द्रुतातली तान आली की 'श-स' फुटतात.

---

व्हॉल्व्हसेट

लेबलजवळ घेर लहान, पण फेऱ्याला वेळ तेवढाच. म्हणून एकाच सेकंदाचं गाणं कमी लांबीत कोंबलेलं असतं, आणि सुई जराही वाकडी बसली तर तिथेच कळतं. कागदी प्रोट्रॅक्टर (सुई सरळ बसली का ते तपासायचा आराखडा) छापून घ्या. छापताना 'शंभर टक्के' ठेवा आणि छापल्यावर त्यावरची रेघ पट्टीने मोजा, प्रिंटर बऱ्याचदा मापात चोरी करतो. त्यावर ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात. दोन्ही ठिकाणी सुई बिंदूवर ठेवून पाहायचं, कार्ट्रिजचं नाक रेघांना समांतर हवं. हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचे) दोन बारीक स्क्रू सैल करून पुढे-मागे सरकवा, मग आवळा. मागच्या चार रंगीत तारा ओढू नका, पांढरी, निळी, तांबडी, हिरवी. एखादी निसटली तर एका बाजूचा आवाज जाईल.

ओसरी, रेकॉर्डचे क्रमांकही बघा. ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर मोनो रेकॉर्डला दाबा. निम्मी खरखर तिथेच जाते.

---

ओसरी

कडप्पा बसला. दगडी भिंतीला ब्रॅकेट, बाजारपेठेतून कापून आणलेली लादी. आता माडीवर धावलो तरी सुई हलत नाही. हंऽऽ गेला. आर्म तरंगवायला मला दीड तास लागला, पण तरंगला. त्या वेळी आई मागे येऊन उभी होती, मला कळलंही नाही.

आता बाबांच्या चौदा रेकॉर्ड्स. क्वार्ट्झ लॉकवर, स्लायडरला हात न लावता, एकेक लावली आणि त्यांच्याच पेटीवर षड्ज शोधला. अकरा थेट पट्टीवर बसल्या. काळी एक म्हणजे काळी एक. दोन किंचित उतरलेल्या, पण अगदी जवळ. बाबा पंचवीस वर्षं शोधत होते ते सूर तिथेच होते.

एकच राहिली. ती अजूनही काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये आहे. एका रेकॉर्डबद्दल बाबांचं बरोबर होतं का?

शिवाय दुसऱ्या एका रेकॉर्डमध्ये तानपुरा हेलकावे खातो. यंत्रात दोष असेल का?

---

व्हॉल्व्हसेट

हेलकावे मोजा. दर १.८ सेकंदाला एक असेल तर तो रेकॉर्डच्या एका फेऱ्याचा. म्हणजे मधलं भोक केंद्रात नाही. आर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. केंद्र एक मिलिमीटर सरकलं तरी मधल्या भागात वेग एक टक्का वर, एक टक्का खाली होतो. अर्ध्या स्वराचा सहावा भाग, तानपुऱ्यात सहज ऐकू येतो. यंत्र निर्दोष आहे.

---

काळी_चार

आणि ती चौदावी? कव्हरच्या मागे साथीला कोण कोण आहे बघा. पेटी आहे की सारंगी?

---

ओसरी

दर १.८ सेकंदालाच. मोजलं.

ताई, बघितलं. तबला, तानपुरे, सारंगी. पेटी नाही.

---

काळी_चार

मग झालं. पेटीचे स्वर ठरलेले असतात, गायकाला तिच्या पट्टीवर यावं लागतं. सारंगी गायकाच्या गळ्याप्रमाणे लावतात. त्या दिवशी त्यांचा गळा जिथे होता तिथे तानपुरे मिळवले आणि सारंगी त्यांच्यामागे आली. त्यांचा षड्ज खरंच मध्ये होता. बाबांचा कान पक्का होता.

(पण एक कोडं राहतं. ३ टक्के जलद प्लेअरवर हीच रेकॉर्ड बाबांना जवळजवळ पांढरी दोनवर ऐकू यायला हवी होती. या कव्हरवर नक्की काय लिहिलंय?)

---

ओसरी

ताई, उठून पुन्हा पाहिलं. मी घाईत सगळ्या नोंदी एकसारख्या समजलो होतो. या एकाच कव्हरवर वेगळं लिहिलंय : 'पांढरी २ ला मिळते. हिच्याबरोबर वाजवावी.'

आत्ता आठवतंय. रविवारी ते हीच लावायचे. पेटी हिच्याबरोबरच वाजायची.

रात्री लॉक काढला आणि स्लायडर अधिक ३ वर नेला. पांढरी दोन मिळाली. आईला म्हटलं, ऐक. ती म्हणाली, हे असंच होतं. मी पेटीवर नुसता षड्ज-पंचम धरून बसलो, एक बाजू संपेपर्यंत. मग बाबांच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं, 'नव्या यंत्रावर +३'.

७८ची सुई मागवली आहे. काका, ती लावताना वजन ५ वर नेल्यावर अँटी-स्केट किती ठेवू?